चेअरमनसाहेबांना लावलेल्या टिकल्या

आमच्या बाजारपेठेतल्या कासारानं एकदा माझ्या जावेला दुकानात बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, कौसाक्कांचं काय चाललंय? दुसरं घर-बिर करायलेत का काय?"

जाऊ बिचारी घामाघूम. कारण काय, तर नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पन्नाशी ओलांडलेली बाई दर आठवडी बाजारात टिकल्यांची चार-चार पाकिटं नेते आणि कपाळ तर कोरंच. मग टिकल्या जातात कुठं? जावेनं घरी येऊन माझी झडतीच घेतली. मी म्हटलं, "बाई गं, लोकांच्या पायाला लावते." तिला ते आणखीच वाईट वाटलं.

तर आधी तेच सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांचा गैरसमज नको.

मी सातवी शिकलेली. हातात आधी शिवणयंत्र होतं, मग प्लास्टर आलं आणि शेवटी स्कॅनर. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचं कृत्रिम पायांचं केंद्र होतं, तिथं मी मापं घ्यायला होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यात कारखाने बरेच, ज्याला टोपी बसेल त्यानं घालावी. ऊसतोडीला गेलेल्या माणसांचे पाय ट्रॉलीखाली येतात, बैलगाडीच्या चाकात जातात, साखरेच्या आजारानं काळे पडतात. गुडघ्याखाली पाय कापला की जो भाग राहतो त्याला काही लोक खुंट म्हणतात. मी म्हणू देत नसे. खुंट झाडाचा असतो. आमच्या केंद्रात त्याला 'उरलेला पाय' म्हणायचं, हा माझा नियम. त्या उरलेल्या पायावर चपखल बसणारी एक वाटी करतात. सॉकेट म्हणतात तिला. खाली नळी, नळीला पाऊल. नळी आणि पाऊल कुठंही मिळतं. सगळा जीव त्या वाटीत. वाटी घट्ट झाली तर पाय सोलतो, सैल झाली तर माणूस विहिरीतल्या बादलीसारखा आत खालीवर होतो.

वाटीचं माप पूर्वी प्लास्टरनं घ्यायचो. पट्ट्या पाण्यात बुडवायच्या, पायाला गुंडाळायच्या, वाळल्या की साचा काढायचा आणि मग पाय, हात, बादली, फरशी सगळं धुवायचं. एका पायाला दोन बादल्या पाणी. आता दुष्काळात दोन बादल्या म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. माजलगावचं धरण तळाला गेलेलं. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी. टँकर संचालकांचे, पाणी सरकारचं आणि उपकार चेअरमनसाहेबांचे. शेवटी आम्ही केंद्राच्या दारावर पाटी लावली, 'पेशंटनं आपलं पाणी आपण आणावं.' डोंगरपट्ट्यातला एक गडी कुबड्यांवर आला. मागं त्याची बायको डोक्यावर घागर घेऊन. ती मला म्हणाली, "आक्का, ह्या पाण्यात घरी दोन दिवस सैपाक झाला असता. पाय तरी नीट करा म्हंजे झालं." त्या दिवशी मी पाणी थेंबाथेंबानं वापरलं आणि उरलेलं तांब्याभर तिला परत दिलं. प्लास्टरचं पांढरं पाणी. ती म्हणाली, "राहू द्या, म्हशीला चालंल."

अशानं मग कुणा परोपकारी लोकांकडून स्कॅनर आला. त्याला पाणी लागत नाही, एवढ्या एका गुणावर तो मंजूर झाला.

दिसायला इस्त्रीएवढा. मूठ धरायची, समोरून लखलख उजेड पडतो, वायर लॅपटॉपला. उजेड पायावर फिरवला की पडद्यावर हळूहळू पाय उगवतो. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या. लई हुशार, लई गोड. दोन दिवस इंग्रजीत मराठी बोलल्या आणि गेल्या. मी एका वहीत माझ्या भाषेत लिहून घेतलं. ते असं.

अंतर हातभर ठेवायचं. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. जवळ गेलं की पडदा लाल, लांब गेलं की निळा, बरोबर असलं की हिरवा. माणसाला फिरवायचं नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं, आणि तेही पापड लाटल्यासारखं हलक्या हातानं, धक्का नाही, घाई नाही. उन्हात घ्यायचं नाही, ऊन मशीनचे डोळे दिपवतं. पाय हवेत हवा, मांडीला आधार हवा, पण पेशंटनं ताठायचं नाही. ताठला की मांस वर चढतं आणि माप खोटं येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माप सकाळी घ्यायचं. उरलेला पाय दिवसभर लोंबकळला की सुजतो. दुपारचा पाय सकाळच्या पायापेक्षा बोटभर जाड असतो. मशीन चुकत नाही, पण मशीनला घड्याळ कळत नाही.

आता टिकल्या. उरलेला पाय गुळगुळीत गोल असतो, मडक्यासारखा. मशीन त्याच्याभोवती फिरताना वाट चुकतं. आपण कुठून निघालो, कुठं आलो, हे त्याला कळत नाही. माळरानावर खुणेचं झाड नसलं की आपलं होतं तसं. म्हणून खुणा चिकटवायच्या. कंपनीच्या खुणा महिन्याभरात संपल्या, नव्या येईनात. मी मखमली टिकली लावून बघितली. मशीनला लई आवडली. चमकीची चालत नाही, मखमलीच. नारायणगडाच्या यात्रेत मी एकदम तीन डझन पाकिटं घेतली होती, ती दोन महिने पुरली. बाप्ये मात्र कुरकुरायचे. "आक्का, टिकली लावून माझी इज्जत काढता का?" मी म्हणायचे, "तुझ्या नाही रे बाबा, मशीनच्या नवऱ्याच्या नावानं लावते. बस गप."

आणि त्यात तो उजेड. हातात लखलखतं काहीतरी घेऊन बाई आपल्याभोवती फिरते म्हटल्यावर आमची माणसं काय समजणार? ओवाळतेच. निम्मे लोक डोळे मिटून हात जोडायचे. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, शेवटपर्यंत पुटपुटत बसला आणि झाल्यावर म्हणाला, "परसाद?" मी डब्यातला गुळाचा खडा दिला. काय करता.

अशी आमची गाडी बरी चालली होती. तेवढ्यात कारखान्याला पंचवीस वर्षं झाली.

वार्षिक सभेत मीही असते. नवऱ्याचा एक शेअर माझ्या नावावर झाला, म्हणून मी सभासद. सभेत काय असतं ते ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक. मांडवात खुर्च्या, समोर सतरंजी, स्टेजवर एक माणूस विषय वाचतो आणि वाचून संपायच्या आत सगळे हात वर करून "मंजूर, मंजूर" ओरडतात. कशाला मंजूर ते जेवणाच्या पंगतीत एकमेकांना विचारतात. मी कधी हात वर केला नाही. मांडीवर ठेवून बसायची. हात वर केला नाही तरी मंजूर होतंच, मग आपला हात कशाला झिजवा?

त्या वर्षी पाऊस नाही, ऊस नाही, गाळप होणार का नाही ते देवाला ठाऊक. पण विषय आला की संस्थेच्या आवारात चेअरमनसाहेबांचा पूर्णाकृती पुतळा दसऱ्याला उभारावा. साहेब समोरच बसलेले, हयात, धडधाकट. एक म्हातारा उठून म्हणाला, "पर सायेब तर अजून हायेत की!" त्याला खाली बसवलं. मंजूर, मंजूर.

आठ दिवसांनी साहेबांचे पीए भानुदास केंद्रावर आले. "आक्का, उद्या सकाळी मशीन घेऊन गेस्टहाउसला या. साहेबांचं माप घ्यायचंय."

"अगं बाई! साहेबांच्या पायाला काय झालं?"

"तोंड सांभाळा, आक्का. पुतळ्याचं माप. पुतळेवाला म्हणला, स्कॅन पाठवा, साहेबांना बसायचा तरास नको."

"उद्या सकाळी माझ्याकडं पेशंट आहे."

"मग मशीन कुणाचं हाय?" भानुदास म्हणाले. ते ट्रस्टचं होतं आणि ट्रस्टचे अध्यक्ष साहेब.

त्या दिवशीची पेशंट द्रौपदा. युसूफ वडगावच्या पलीकडच्या वस्तीवरची, पस्तिशीची, आधीच्या हंगामात ट्रॉलीखाली डावा पाय गेलेला. पहिल्या एसटीनं एकटी कुबड्यांवर आली. मी मशीन पेटीत भरत होते.

"कुठं निघाला, आक्का?"

सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आक्का, आज माप न्हाई झालं तर पाय दसऱ्याला येणार न्हाई. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गाड्या निघत्यात. मुकादम म्हणलाय, पाय आला तर तू बस गाडीत. न्हाई तर सारिकाला बसवा."

शहरातल्या वाचणाऱ्यांना सांगते. ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. एकानं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कुणी गाडीत घेत नाही. जोडी पुरी करायला मग घरातली पोरगी नेतात. सारिका द्रौपदाची थोरली. दहावीला.

"एका पायानं मोळ्या वाहशील तू?" मी विचारलं.

"वाहीन न्हाई तर पडीन. पर पोरीला उसाच्या फडात न्हेणार न्हाई. एकदा न्हेली का ती वापस शाळंत येत नसती, आक्का. मला ठावं हाय, मी बी अशीच गेलते."

मला न्यायला भानुदास जीप घेऊन आले होते, तिच्यात मी तिला बसवली. भानुदास म्हणाले, "हिला कशाला?"

"मशीनचं सामान आहे म्हणा."

गेस्टहाउसवर साडेसातला पोचलो. भानुदासांनी पेटी आतल्या खोलीत बंद केली, साहेबांच्या आधी मशीन कुणावर चालवायचं नाही म्हणे. साहेब दहाला आले. द्रौपदा व्हरांड्यात, पाय लोंबकळत. मी तिला पाय बाकावर वर ठेवायला सांगितलं. वॉचमननं दोनदा येऊन खाली ठेवायला लावला. साहेबांच्या येण्याच्या वाटेवर पाय पसरून बसू नये म्हणे.

साहेब उंच, भरदार, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. स्वभावानं वाईट नव्हेत. मला म्हणाले, "कौसाबाई, बघा, जरा नीट घ्या. पिढ्यान् पिढ्या बघणार हायेत." बोटात आठ अंगठ्या. मी म्हटलं, चकाकतं ते मशीनला दिसत नाही, तिथं भोक पडतं. अंगठ्या काढाव्या लागतील. चार निघाल्या, चार बोटं सुजल्यामुळं निघेनात. त्यांच्यावर टाल्कम पावडर मारली. साहेबांच्या हातांना पावडर मारताना भानुदासांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पहिल्या वेळी मी पुढून सुरू केलं. साहेबांनी श्वास घेतला तो धरूनच ठेवला. पोट आत जावं म्हणून. छाती झाली, खांदा झाला, मी मागं गेले, तोवर श्वास किती धरणार? सुटला. फिरून पुढं आले तर पडद्यावर साहेबांची दोन पोटं, एक आत, एक बाहेर, मधे फट. मी दाखवलं.

"ह्यातलं बाहेरचं काढता येत न्हाई का?" साहेब म्हणाले.

"साहेब, मशीन मन धरत नाही. श्वास सोडून उभं राहा."

"आतलं ठिवा की मग, बाहेरचं कावून ठिवता?" भानुदास म्हणाले.

दुसऱ्या वेळेची आणखी वेगळी तऱ्हा. पांढऱ्याशुभ्र कपड्यावर मशीन वाट चुकायला लागलं, उरलेल्या पायावर चुकतं तसंच. मी पाकीट काढलं.

"हे काय?" साहेब.

"टिकल्या."

मी समजावून सांगितलं. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "पुतळ्यात दिसणार न्हाईत ना?" नाही म्हटल्यावर, "लावा." मी साहेबांना छातीला, पोटाला, पाठीला, धोतराच्या घोळाला मिळून साठेक टिकल्या लावल्या. सगळं पाकीट संपलं. साहेब कांजिण्या आलेल्या पोरासारखे ठिपक्याठिपक्यांचे दिसायला लागले.

आणि इथं आमच्या लोकांनी ती चूक केली जी दुसरीकडं कुठं होणार नाही. साहेब उभे आहेत म्हटल्यावर जो आत येईल तो वाकून पाया पडायचा. ठेकेदार आला, वाकला. शेतकी अधिकारी आला, वाकला. आणि पाया पडला की साहेबांचा हात आपसूक आशीर्वादाला वर. मी म्हणते, "साहेब, हात हलवू नका." साहेब म्हणतात, "अहो, माणूस वाकलाय, काय करू?" मी पाच-सहा जणांना बाहेर घालवलं, दाराला कडी लावायला सांगितली. पण व्हाइस चेअरमन बप्पांना कोण अडवणार? मी बरोबर गुडघ्यापाशी आले आणि बप्पा वाकले. वाकले ते वाकलेच. कंबर धरलेली, आणि शिवाय भाच्याच्या नोकरीचं सांगायचं होतं. साहेबांच्या डाव्या गुडघ्याला डोकं टेकवून, "पोरगं बी.कॉम. हाय साहेब, हिसोबाला लावा," असं सांगत राहिले.

माझ्या हातातला उजेड चालूच. थांबवला असता तर पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर बघितलं तर साहेबांच्या गुडघ्याला बप्पांचं डोकं उगवलेलं, कानासकट. मशीनला चेअरमन कोण, संचालक कोण, हे कळत नाही. जे चिकटलेलं दिसलं, ते एकाच अंगाचं.

तिसऱ्यांदा घ्यावं लागणार होतं. घड्याळात साडेबारा. मी व्हरांड्यात बघितलं. द्रौपदानं दोन्ही हातांनी मांडी उचलून धरली होती. सकाळी निघताना मी तिच्या पायाचा घेर टेपनं मोजून वहीत लिहिला होता.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "साहेब, मशीन बिघडल्यासारखं करतंय. आधी एखाद्या साध्या माणसावर चालवून बघावं लागंल."

साहेब लगेच म्हणाले, "घ्या, घ्या, गरिबावर घ्या आधी. आमच्यावर प्रयोग नको."

"आणि साहेब, टिकल्या संपल्यात. तुमच्यावरच्या काढून घेते."

द्रौपदाला आत आणली. साहेबांच्या छातीवरची एकेक टिकली सोलून तिच्या पायाला लावत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, ह्या सायबाच्या हायत?" मी म्हटलं, "आता तुझ्या." मांडीखाली उशी दिली, पाय हवेत सोडला. पण साहेब आणि चार संचालक बघताहेत म्हटल्यावर पाय दगडासारखा ताठ. मी म्हटलं, "डोळे मीट. सारिका आत्ता शाळेत कोणत्या बाकावर बसली असेल ते बघ." तिनं मिटले. हळूहळू पाय सैल झाला. मी हातभर अंतर धरलं आणि चालायला लागले. पडदा हिरवा, हिरवा, शेवटपर्यंत हिरवा. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा सुरेख स्कॅन मी घेतला नाही.

टेपनं घेर मोजला. सकाळपेक्षा बोटभर जास्त.

मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढं लोकांनी मला नावाजलं, पण वाटी सैल येणार हे मला त्या क्षणी ठाऊक होतं आणि मी ते तिला सांगितलं नाही. उद्या सकाळी ये म्हणावं, तर मशीन उद्या माझ्याकडं असेल का, ह्याची खात्री नव्हती. आणि खात्री नव्हती ते बरोबरच निघालं. साहेब टिकल्यांच्या खुणा झटकत पाणीटंचाईच्या बैठकीला निघून गेले, म्हणाले, "जे झालंय त्यात भागवा." भानुदासांनी मशीन आणि लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पुतळा होऊस्तोवर मशीन हितंच राहील. काही कमीजास्त लागलं तर?"

मी हातापाया पडून द्रौपदाची फाइल वाटी करायला पुण्याला पाठवायला लावली. तरी आधी पुतळ्याची गेली. पायाची तिच्यानंतर बारा दिवसांनी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाय आला, आणि दसऱ्याला पहिल्या एसटीनं द्रौपदा आली. वाटी चढवली, उभी राहिली, दोन पावलं टाकली. आत पाय खडखडत होता, वाळल्या शेंगेतल्या दाण्यासारखा. सैलपणा भरायला सोबत आलेले दोन मोजे उरलेल्या पायावर घातले, तरी खडखड. तिसरा मोजा केंद्रात नव्हता. तिनं पाय काढून मांडीवर घेतला आणि त्या प्लास्टिकच्या पावलावरून हात फिरवत बसली. ते मला अजून दिसतं.

"किती दिवस आहेत?" मी विचारलं, ठाऊक असून.

"परवा नंतर गाडी."

मग मी पुतळ्याला गेले. ट्रस्टच्या सगळ्यांना हजेरी सक्तीची होती. द्रौपदाही आली, सावलीला बसायला मांडव तेवढाच होता. भाषणं झाली. साहेबांनी दोरी ओढली. फडकं सरकत खाली आलं. आणि टाळ्या वाजता वाजता थांबल्या.

पुतळा छान होता. फायबरचा, वर पितळी रंग. पण डाव्या गुडघ्यापाशी एक डोकं होतं. धड नाही, हात नाही, नुसतं वाकलेलं डोकं. पुतळेवाल्यानं म्हणे फोन करून विचारलं होतं, हे काय आहे. आणि भानुदासांनी सांगितलं होतं, साहेबांचं आहे त्यातलं काहीही कमी करायचं नाही.

बप्पा पुढच्या रांगेत होते. त्यांनी डोक्याकडं बघितलं, आपल्या कानाला हात लावला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "गं बया, बप्पाच की!"

भानुदासांसारखा माणूस होणे नाही. उडी मारून माइक घेतला आणि म्हणाले, "बंधूभगिनींनो! हे मस्तक म्हणजे आपल्या कारखान्याचा प्रत्येक सभासद आहे! साहेबांच्या चरणी लीन झालेला सामान्य सभासद!" मग जे टाळ्यांचं उधाण आलं. साहेबांना भरून आलं. मी मनात म्हटलं, चला, सभासदाला डोकं असतं, एवढं तरी कारखान्यानं पंचवीस वर्षांनी मान्य केलं. धड नसलं तरी चालेल.

लोक पंगतीला पळाले. मी मात्र चौथऱ्यापाशी पडलेल्या फडक्याकडं बघत होते. शिंपिणीचा हात, आपोआप गेला. पांढरं, बारीक सुताचं, धुवून मऊ झालेलं मलमल, डबल पन्ह्याचं. साहेबांना पांढरं आवडतं म्हणून एरवीचं चकचकीत साटीन न आणता मुद्दाम आणलेलं. साटीन असतं तर पाय आत घसरला असता. मलमल घाम पितं, सोलत नाही, आणि उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर ताणतं, अंगाला धरतं.

मी घडी घातली आणि पिशवीत टाकली. वॉचमन आला. "आक्का, ते कुठं न्हेता?"

"धुऊन आणते," म्हटलं. दुष्काळात धुऊन आणते म्हणणाऱ्या बाईवर त्यानं विश्वास ठेवला, हा त्याचा मोठेपणा.

माझ्या घरी दुपारी जुनं शिवणयंत्र काढलं. उरेब पट्ट्या कापल्या, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, आत टाका टोचायला नको म्हणून. एक मोजा चढवला, खडखड. दोन चढवले, जरा कमी. पाचव्या मोज्याला द्रौपदा उठून उभी राहिली आणि ओट्यापासून दारापर्यंत चालत गेली. आवाज आला नाही. वळून परत आली. मग तिथंच अंगणात माझ्या सरपणाची मोळी डोक्यावर घेतली आणि पुन्हा दारापर्यंत गेली. मी ओरडले, "अगं हळू!"

"फडात कोन हळू म्हनतंय, आक्का?"

मी तिला तीस मोजे शिवून दिले. तिसऱ्या दिवशी ती गाडीत चढली. सारिका वस्तीवर आजीपाशी राहिली, दहावीला बसली आणि पास झाली. किती टक्के ते तिनं मला तीनदा सांगितलं, मी तिन्ही वेळा विसरले.

लोक म्हणतात, कौसाक्कानं द्रौपदाला पाय दिला. हंगाम संपवून ती परत आली तेव्हा मला तिचा पाय बघायला मिळाला. दोन ठिकाणी घट्टे, एका ठिकाणी जखम भरून आलेली. बोटभराच्या चुकीची सही होती ती, माझी. त्या वेळी मशीन माझ्याकडं परत आलेलं होतं. सकाळी सातला तिचं पुन्हा माप घेतलं. नवी वाटी चपखल आली. तरी मोजे लागतातच. उरलेला पाय वर्षावर्षाला बारीक होत जातो. जुने सगळे फडात फाटून गेले होते. ती म्हणाली, "आक्का, सायबाचं फडकं झकास होतं. आजून हाय का?"

"बाई, ते एकदाच पडतं."

त्या वर्षी परत पाऊस नाही. परत सभा. विषय आला की साहेबांच्या कैलासवासी वडिलांचा पुतळा गेटच्या उजव्या बाजूला उभारावा. वाचणारा अजून "उभारावा"पर्यंत आला नव्हता आणि मी उठले. सभासद झाल्यापासून पहिल्यांदा मी हात वर केला. एक नाही, दोन्ही.

भानुदास स्टेजवरून बघतच राहिले. "आक्का, तुमी?"

"मंजूर!" मी म्हटलं. "पण पुतळा घोड्यावरचा करा, आणि झाकायला मलमलच आणा. घोड्यासकट झाकायचं म्हणजे कापड जास्त लागंल."